सैल पट्टीचे हातपाट

मघाशी आत येताना एका ताईंनी टेबलावरचे हे दोन तुकडे बघून विचारलं, ‘सर, भातुकलीतले पोळपाट आणलेत का?’ दिसतात खरे तसेच. पण ही वल्ही आहेत. कयाकमध्ये, म्हणजे एकट्याच्या अरुंद होडीत बसायचं, लांब वल्हं काठावरच ठेवायचं, हे दोन पाट तळव्यांना चढवायचे आणि पाणी मागे लोटायचं. दुकानात याला हँड पॅडल म्हणतात, आम्ही हातपाट म्हणतो. मी आयुष्यभर मुलांना सुतारकाम शिकवलं, त्यामुळे निम्मं बोलणं लाकडाचं होईल, सांभाळून घ्या.

कल्पना काही माझी नाही. बेंजामिन फ्रँकलिन, तोच, विजेच्या पतंगाचा, त्यानं पोरवयात पोहण्यासाठी असे पाट केले होते. चित्रकाराच्या रंगपाटीसारखे लंबगोल, 10 इंच लांब, 6 इंच रुंद, अंगठ्याला भोक. वेग वाढला, पण मनगटं दमली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. मी हे वाचलं ते पहिली जोडी करून झाल्यावर. आधी वाचलं असतं तर घरातलं भाजी चिरायचं प्लास्टिकचं बोर्ड वाचलं असतं. त्याचे दोन भाग केले, एकेक 32 सेंटिमीटर लांब. त्यावरून घरात काय झालं ते इथे सांगत नाही.

मोठा पाट म्हणजे जास्त पाणी, जास्त पाणी म्हणजे जास्त वेग, हा माझा हिशेब. चुकला तो इथे: लांब वल्ह्याचं पातं केवढंही असलं तरी ते दोन हातांत धरलेलं असतं आणि त्यामागे कंबर फिरत असते. हातपाटाचा सगळा भार एका मनगटावर. त्यातही पाट बोटांच्या टोकांपुढे जितका जाईल तितका पाण्याचा दाब तळव्यावरून सरकून बोटांकडे जातो आणि मनगट उलटं वाकायला बघतं. म्हणून पाट वाढवायचाच असेल तर आडवा वाढवा. माझा पंजा 19 सेंटिमीटर लांब आहे. हे पाट 22 लांब आणि 17 रुंद आहेत. बोटांपुढे दोन बोटंसुद्धा नाहीत. मागे मनगटाच्या घडीपाशी पाट संपलाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक फटक्याला कड हाताला घासते.

आता ज्यासाठी मी आज उभा राहिलो ते. ती पहिली जोडी मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधली होती. पाट सुटून वाहून गेला तर, ही भीती. आपल्या गोव्यातल्या खांडेपार नदीच्या एका संथ डोहात, पावसाळा संपल्यावर, मित्राबरोबर सराव करत होतो आणि उलटलो. उलटणं हे सरावातच धरलेलं असतं. नदीच्या कयाकमध्ये कमरेभोवती रबरी कापड असतं, स्प्रे स्कर्ट, ते होडीच्या तोंडाला ताणून बसवतात म्हणजे आत पाणी येत नाही. बाहेर पडायचं तर समोरचा पट्टा धरून ओढायचा, की कापड सुटतं. मी पाण्याखाली डोकं खाली, पाय वर, आणि पट्टा चाचपतोय. बोटांना पट्टा लागतोय, पण धरता येत नाही, कारण बोटं पाटाला जखडलेली! पोळपाट हातात घेऊन शर्टाचं बटण काढून बघा. पाट काढावा म्हटलं तर तो काढायला दुसरा हात हवा, आणि त्यालाही पाट. मित्रानं होडीचं टोक धरून मला सरळ केलं. किती सेकंद गेले ते त्याला विचारा, मला विचाराल तर अर्धा तास.

घरी येऊन ट्यूब कापून टाकली. तेव्हापासून माझी पद्धत अशी. पट्टी एकच, मधल्या तीन बोटांवरून जाणारी. अंगठा आणि करंगळी मोकळी. बोटं जराशी फाकली की पाट घट्ट बसतो, मिटून हात मागे खेचला की निसटतो. पाणी लोटताना दाबानं पाट आपोआप तळव्याला चिकटून राहतो, बांधायची गरज मुळात फारशी नसतेच. हवाई चपलेचा जुना रबरी पट्टा याला उत्तम. पाटाला दोरी लावून मनगटात अडकवू नका. वाहत्या पाण्यात दोरी फांदीत अडकते. निसटलेला पाट तरंगतो, भडक नारिंगी रंग दिला की लांबूनही दिसतो. म्हणजे तो तरंगायला हवा. अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसी बुडतात. चिरायच्या बोर्डाचं पॉलिथिलीन तरंगतं, प्लायवुड तर तरंगतंच.

माझं मत प्लायवुडच्या बाजूचं. आयएस 710 शिक्का असलेला मरीन प्लाय, 6 मिलिमीटर. कागदावर पंजा ठेवून, बोटं सहज सुटी ठेवून, पेन्सिलीनं आखा आणि त्याभोवती आकार काढा. एक चूक पोरं नेहमी करतात. पट्टीची भोकं इपॉक्सी, म्हणजे पाणी अडवणारा राळेचा लेप, लावून झाल्यावर पाडतात. मग भोकाच्या आतलं लाकूड उघडं राहतं आणि पाणी तिथून शिरतं. भोकं आधी, पॉलिश पेपर नंतर, इपॉक्सी शेवटी. पृष्ठभागाला दोन हात, कडांना तीन, कारण प्लाय पाणी पितो ते कडेनंच. कडा अर्धगोल घासा. धारदार कड होडीला ओरखडे काढते, आणि उलटताना चेहऱ्याजवळून काय जाईल सांगता येत नाही.

‘लांब वल्ह्यापेक्षा यात फायदा काय?’ बरोबर विचारलंत. वेगात फायदा नाही. लांब वल्ह्याचं पातं होडीपासून लांब पडतं म्हणून होडी पटकन वळते. हातपाट होडीला चिकटूनच चालतो, त्यामुळे वळायला कंबरेनं होडी कलती करावी लागते. शिकायचं ते हेच. उलटल्यावर सरळ होणं हेही कंबरेचं काम, हात फक्त क्षणभर टेकू देतात. ग्रीनलंडचे लोक हार्पून फेकायच्या नोर्साक नावाच्या फळीच्या आधारानं उलटलेली होडी सरळ करतात, कुणी कुणी नुसत्या मुठीनंही. पण पर्यटकांच्या त्या रुंद, उघड्या कयाकवर हे पाट नेऊ नका. हात पाण्यापर्यंत नीट पोचतच नाहीत.

कुठे? सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात म्हादई नदी उसळते, राफ्टिंग चालतं, तिथे मी हातपाट घेऊन जात नाही. नदी उतरल्यावरचे डोह बरे. खाडीत खडकांना आणि तिवरांच्या मुळांना कालवं, म्हणजे शिंपले, चिकटलेली असतात, ती बोटं सोलतात, तेव्हा काठापासून दूर राहा. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात नकोच. तिथे मगरी आहेत. दुर्भाट गावाकडे शेतकरी मातीची मगर करून तिची पूजा करतात. दोन्ही हात सतत पाण्यात घालून वल्हवायला ती जागा नव्हे.

पाट पुढच्या रांगेपासून फिरवा. प्रत्येकानं घालून बघा, आणि घातल्यावर दुसऱ्या हाताची मदत न घेता काढून दाखवा. ज्याला जमणार नाही त्याला पट्टी आणखी सैल हवी, ती मी इथेच करून देतो, कात्री आणलीय.