कात्री, गाय आणि लांडगा

(दृश्य: नाइटक्लब. अंधारात एक टेबल, रंगमंचावर प्रकाशझोत.)

साल 1943. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचं कार्टून 'रेड हॉट रायडिंग हूड'. दिग्दर्शक टेक्स एव्हरी. गोष्टीतली लाल टोपीवाली पोर इथे क्लबात गाते आणि सुटाबुटातला लांडगा तिला बघून वेडापिसा होतो. शिट्ट्या मारतो, कोल्हेकुई करतो, टेबल बडवतो. हा विनोद इतका चालला की एव्हरीने पुढची काही वर्षं तो पुन्हा पुन्हा वापरला. लांडगा तोच, पोरगी तीच, नुसती गोष्ट बदलायची.

पण सेन्सॉरच्या कात्रीमुळे या कार्टूनचा मूळ शेवट पडद्यावर आलाच नाही. त्यात लांडग्यामागे लागलेली पोरीची आजी बंदुकीच्या धाकाने त्याच्याशी लग्न लावते, आणि पुढे दोघांची अर्धलांडगी पोरंही दिसतात. माणूस आणि जनावराचा संसार? छे! शेवट बदलला. आता लांडगा स्वतःच्या डोक्यात गोळ्या झाडून घेतो आणि त्याचं भूत उठून पुन्हा शिट्ट्या मारायला लागतं. लग्न चालत नव्हतं, आत्महत्या चालली.

(दृश्य: जुन्या कृष्णधवल कार्टूनमधली गाय.)

हॉलिवूडच्या निर्मात्यांनी 1930 मध्ये स्वतःच एक आचारसंहिता स्वीकारली. विल हेज हे त्यांच्या संघटनेचे प्रमुख, म्हणून तिचं नाव पडलं 'हेज कोड'. 1934 पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडक केली. त्यांच्या मंजुरीचा शिक्का नाही तर मोठ्या थिएटरांत चित्रपट नाही. कार्टूनलाही सूट नव्हती.

पहिला बळी मात्र त्याही आधीचा, आणि तो गाईचा. मिकी माऊसच्या कार्टूनमधल्या गाईची लोंबती, हलती कास काही सेन्सॉर मंडळांना खटकली. डिस्नेची क्लॅराबेल मग घागऱ्यात आली. गाईला कास असते याचीच लाज!

बेटी बूपचं काय झालं? फ्लायशर स्टुडिओची ही आखूड झग्यातली, मांडीवर गार्टर मिरवणारी नटवी 1934 नंतर अंगभर कपड्यांत घरकाम करू लागली. सोबतीला एक कुत्र्याचं पिल्लू आणि एक आजोबा. तिची कार्टून्स पुढे मिळमिळीत झाली, असं माझं मत.

(दृश्य: शिडीवर चढलेलं मांजर.)

वॉर्नर ब्रदर्सचे बॉब क्लॅम्पेट यांनी वेगळीच वाट काढली. 1942 च्या 'अ टेल ऑफ टू किटीज'मध्ये, म्हणजे ट्वीटी या पक्ष्याच्या पहिल्या कार्टूनमध्ये, खालचं मांजर ओरडतं, "पक्षी दे, पक्षी दे!" अमेरिकन बोलीत याचा दुसरा अर्थ बोटाने करायच्या अश्लील खुणेकडे जातो. शिडीवरचं मांजर थेट आपल्याकडे वळून म्हणतं की हेज ऑफिसने परवानगी दिली, तर देतोच त्याला! सेन्सॉरवरचा विनोद सेन्सॉरकडूनच पास. याच ट्वीटीला तेव्हा पिसं नव्हती, गुलाबी उघडं अंग. क्लॅम्पेट सांगत, ते नागडं दिसतं अशी तक्रार झाली, म्हणून त्याला पिवळी पिसं आली.

(दृश्य: स्फोट. धूर.)

आता हा विनोद बघा. फटाका फुटतो, धूर विरतो, आणि टॉमचा चेहरा काळाकुट्ट, ओठ जाड. कृष्णवर्णीयांची ही टिंगल 'टॉम अँड जेरी'त कितीदा आली आहे. तिला त्या काळी कुणाची कात्री लागली नाही. झग्याची लांबी मोजणाऱ्यांना यात वावगं काही दिसलंच नाही.

कात्री लागली ती पुढे टीव्हीच्या काळात. 1968 मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने वॉर्नरची 11 कार्टून्स वर्णद्वेषी चित्रणामुळे प्रसारणातून काढली. टॉमचे ते चेहरेही अनेक वाहिन्यांनी कापले. स्फोट होतो, आणि पुढच्या क्षणी भलतंच दृश्य.

2006 मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाने टॉमच्या सिगारेटची तक्रार केली, तर वाहिनीने 1500 हून अधिक जुनी कार्टून्स तपासायला घेतली.

2013 मध्ये 'टॉम अँड जेरी'चा डीव्हीडी संच यायचा होता, त्यातून 'माऊस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' ही दोन कार्टून्स त्याच काळ्या चेहऱ्यांच्या विनोदामुळे वगळलेली. संग्राहक भडकले. अर्धवट संच त्यांना नको होता. तो संच जाहीर होऊनही बाजारात आला नाही.