निषेधपत्र कुणासाठी?

मंडळी, ‘घुसखोरीबद्दल आपण निषेध नोंदवला’ अशी बातमी आली की कुणीतरी म्हणतंच, “नोंदवा! कागदानं सैन्य हटतं का?” नाही हटत. पण निषेधपत्र त्यासाठी नसतंच, ते फाइलसाठी असतं. शेजाऱ्यानं भाटाचं, म्हणजे बागायतीचं, कुंपण हातभर आत सरकवलं आणि तुम्ही वीस वर्षं ‘जाऊ दे’ म्हणालात, तर मामलेदारापुढे काय दाखवणार?

थायलंडचं हेच झालं. सीमेवरचं प्रेआह विहेआर मंदिर कंबोडियात दाखवणारा फ्रेंच नकाशा (कंबोडिया तेव्हा फ्रेंचांकडे) बँकॉकला पोचला, थायलंडनं हरकत घेतली नाही. 1930 मध्ये त्यांचेच राजपुत्र दाम्रोंग तिथं गेले, फ्रेंच झेंड्याखाली स्वागत घेऊन परतले, तरी हरकत घेतली नाही. 1962 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मंदिर कंबोडियाला दिलं.

आता मेंढ्या. हसू नका, खरंच मेंढ्या. सप्टेंबर 1965, पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं, आणि चीनचा खलिता आला: सिक्कीम सीमेवरची 56 लष्करी बांधकामं तीन दिवसांत पाडा, शिवाय पळवलेल्या 800 मेंढ्या आणि 59 याक परत करा! तेव्हा वाजपेयींनी मेंढ्यांचा कळपच दिल्लीतल्या चिनी वकिलातीवर नेला. मेंढ्यांच्या गळ्यात पाट्या: आम्हाला खा, पण जगाला वाचवा. चीननं त्याचाही रीतसर निषेध केला. आपल्या परराष्ट्र खात्यानं तितक्याच गंभीरपणे कळवलं की ही दिल्लीकरांची उत्स्फूर्त, शांततामय आणि खेळकर प्रतिक्रिया होती. असला मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला माझा नमस्कार.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा जाहीर केलेला विषय, घुसखोरीचा निषेध नोंदवतात कसा, तो झटपट. आधी जागेवर ध्वजबैठक, म्हणजे सीमेवरच्या दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांची भेट. तिथं मिटलं नाही तर राजदूताला बोलावणं. सहसचिवानं बोलावलं की परराष्ट्र सचिवानं, यावरून राग किती ते समजायचं. मग नोट, म्हणजेच ते निषेधपत्र. तृतीय पुरुषी, खाली सही नाही, फक्त आद्याक्षरं आणि शिक्का, सुरुवातीला नि शेवटी आदरभाव, भांडण कितीही असो. मध्ये मात्र दिनांक, वेळ, माणसं किती, हत्यारं कुठली, अक्षांश-रेखांश, मोडलेला करार, मागे जाण्याची मागणी, आणि आपले हक्क राखीव.

बिघडतं ते जागेपाशी. भारत-चीन पंचशील करार एप्रिल 1954 चा, आणि 17 जुलैला चीनचा पहिला निषेध हजर. सीमेवरच्या जागेचं नाव त्यांचं ‘वू-जे’, आपलं बाराहोती. ती जागा तुंजुन ला खिंडीच्या उत्तरेला की दक्षिणेला, यावरच वर्षं गेली. विशेषणं कडक आणि ठिकाण मोघम असेल तर ती नोट वाया.

आणि आपल्या घरचं, पोर्तुगीज गोव्याच्या काळातलं उदाहरण. दमणहून भारताच्या हद्दीतून दादरा-नगरहवेलीला जाण्याच्या वाटेसाठी पोर्तुगाल 1955 मध्ये हेगला गेलं. निकाल 12 एप्रिल 1960: नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारांना नाही. कारण ब्रिटिश काळात सशस्त्र तुकडी न्यायची तर गोव्याचं सरकार परवानगी मागत असे. ते व्यवहारच पोर्तुगालच्या आड आले.