एका रेणूच्या जाडीचे आवरण

लेझरच्या झोतात स्थिरावलेला हा ठिपका म्हणजे खाऱ्या पाण्याचा, जेमतेम काही मायक्रोमीटर व्यासाचा थेंब आहे. प्रकाशाच्या साहाय्याने सूक्ष्म वस्तू पकडून ठेवण्याच्या ज्या तंत्रासाठी आर्थर ॲशकिन यांना २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच तंत्राने तो अधांतरी धरला आहे.

समुद्राची लाट कोसळते, फेसातले बुडबुडे फुटतात आणि असे असंख्य थेंब वाऱ्यावर जातात. त्यांच्याबरोबर मीठ जाते, तशी सागरी जीवांच्या पेशींतून आलेली मेदाम्लेही जातात. ही आम्ले थेंबाच्या आत मिसळून जात नाहीत. रेणूचे कार्बोक्झिल टोक पाण्याला धरून राहते, कार्बनची लांब साखळी हवेकडे वळते आणि थेंबाभोवती एकाच रेणूच्या जाडीचे आवरण तयार होते.

ते मोजण्याची रीत या उथळ पात्रात दिसते. पाण्यावर स्टिअरिक आम्ल या मेदाम्लाचे क्लोरोफॉर्ममधले द्रावण सोडले आहे. क्लोरोफॉर्म उडून गेल्यावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सावकाश जवळ येऊ लागतात. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला दर मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो. पट्ट्या सरकत असताना तो बराच वेळ बदलत नाही, आणि प्रत्येक रेणूच्या वाट्याला ०.२ चौरस नॅनोमीटरच्या आसपास जागा उरली की झपाट्याने घसरतो. याच मापाने १०० नॅनोमीटर व्यासाचा कण झाकायला सुमारे दीड लाख रेणू पुरतात.

या पात्रामागचे पहिले काम ॲग्नेस पोकल्स यांचे आहे. विद्यापीठाचे शिक्षण न मिळालेल्या या जर्मन स्त्रीने घरच्या घरी, पत्र्याच्या पात्रात सरकती पट्टी बसवून मोजमापे घेतली. त्याविषयी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना लिहिलेले तिचे पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापले गेले. पुढे पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी आयर्विंग लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल मिळाले आणि पात्राला त्यांचे नाव पडले. त्यात पोकल्स यांचेही नाव असायला हवे होते.

आता थेंबावर ओलेइक आम्ल हे दुसरे मेदाम्ल आहे आणि कक्षात ओझोन सोडला आहे. स्टिअरिक आम्लाप्रमाणे याच्याही रेणूत १८ कार्बन असतात. पण मधोमध, नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये, एक दुहेरी बंध असतो आणि ओझोन नेमका तिथेच घाव घालतो. थेंबाने विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातली दुहेरी बंधाची रेषा खाली बसत चालली आहे, ती यामुळेच. नोनानाल हा बाष्पनशील तुकडा हवेत निघून जातो, तर अझेलेइक आम्लासारखे तुकडे मागे राहतात.

प्रयोगातल्या वेगाने हिशेब केला, तर हवेतले ओलेइक आम्ल काही तासांतच संपायला हवे. प्रत्यक्ष नमुन्यांत मात्र ते त्याहून बराच काळ टिकलेले आढळते. आम्ल भरपूर असेल तिथे त्याचे रेणू थरांवर थर रचून बसतात आणि ओझोनला आत शिरायला वेळ लागतो, हे त्याचे एक सबळ स्पष्टीकरण आहे.

पृष्ठताण उतरला की कणाचा ढगातला थेंब होणे सोपे जाते, पण थेंब फुगताना हे आवरण विरळही होते. तरीही हवामानाची अनेक प्रारूपे त्या थेंबाचा पृष्ठताण शुद्ध पाण्याइतकाच धरतात, आणि हे गृहीतक आता बदलायला हवे.