सिप्लाचे हमीद आणि दिवसाला एक डॉलर

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय उद्योगपती आणि दानधर्म. आता चेक देतानाचे फोटो, कोनशिला, इमारतीला आजोबांचं नाव, यात मला काही फार रस नाही, म्हणून एकाच माणसाबद्दल बोलतो, सिप्ला या औषध कंपनीचे डॉ. युसुफ हमीद. या हॉलमधल्या बऱ्याच घरांत सिप्लाचा इन्हेलर असेल, पण त्यामागचा माणूस कोण हे आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही.

वडील ख्वाजा अब्दुल हमीद, जन्म अलीगढचा, बर्लिनला केमिस्ट्रीत डॉक्टरेट केली आणि १९३५ ला मुंबईत कंपनी काढली. आई लिथुआनियाची, ज्यू. युसुफ १९३६ चे, केंब्रिजला अलेक्झांडर टॉड या नोबेलवाल्या केमिस्टच्या हाताखाली पीएचडी करून १९६० ला सिप्लात आले. म्हणजे मुळात हा माणूस प्रयोगशाळेतला, ताळेबंद नंतर आला, आणि मला वाटतं पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तेव्हा आपल्याकडे ब्रिटिशांच्या वेळचा, १९११ चा पेटंट कायदा चालू होता. औषधावर परदेशी कंपनीचं पेटंट, भाव ती म्हणेल तो. हमीद आणि इतर देशी औषधवाले वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागले, आणि १९७० ला नवा कायदा आला, १९७२ पासून लागू झाला. त्यात पेटंट औषधाला नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीला. तुम्ही वेगळी पद्धत काढा आणि तेच औषध खुशाल विका. आज आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये गोळ्या जगाच्या मानाने स्वस्त मिळतात ना, त्याचं एक मोठं कारण हे.

आता मुख्य गोष्ट. सन २०००. आफ्रिकेत एड्सने लाखो माणसं मरतायत, औषधं निघालेली आहेत, तीन औषधं एकत्र घेतली तर माणूस जगतो हेही माहितीये, पण एका पेशंटचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. कुठून आणणार? सप्टेंबर २००० मध्ये ब्रसेल्सला युरोपियन कमिशनच्या बैठकीत हमीद उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही हे आठशे डॉलरला देतो, ज्या देशाला स्वतः बनवायचंय त्याला तंत्रज्ञान फुकट देतो, आणि आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून लागणारं नेविरापिन तेही फुकट. लोकांनी ऐकून घेतलं आणि सगळं थंड. फुकट देणारा समोर उभा, घेणारा कुणी नाही!

मग फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला, म्हणजे जगभर गरजूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला, भाव दिला वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आतच, आणि ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली तेव्हा कुठे जग हललं. त्याच वर्षी ट्रायोम्यून आली, तिन्ही औषधं एका गोळीत, सकाळी एक संध्याकाळी एक. पाश्चात्त्य कंपन्यांना हे जमत नव्हतं, कारण तीन औषधांचे मालक तीन वेगळे आणि एकमेकांना पेटंट कोण देणार? त्यातलं एक औषध, स्टॅव्हुडिन, पुढे साइड इफेक्टमुळे मागे पडलं, पण तोपर्यंत भाव खाली आला होता तो आलाच. मोठ्या कंपन्यांनी हमीदना चाचे म्हटलं, त्यांना त्याचं काही वाटलं नाही बहुतेक.

माझा मुद्दा एवढाच की देणगी दिली की ती वर्षभराने संपते, भाव पाडला की बाजारातल्या सगळ्यांनाच खाली यावं लागतं. शिवाय दानधर्म नाही असंही नाही. पुण्यात वारज्याला, हायवेजवळ, १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, म्हणजे वेदना कमी करून आराम देणारं, कॅन्सरच्या पेशंटसाठी, राहणं-जेवण-औषध सगळं मोफत, आणि सोबत घरचं माणूसही राहू शकतं. ज्यांच्या घरात असं दुखणं होऊन गेलंय त्यांना रात्रीच्या वेदनेचा अर्थ वेगळा सांगायला नको. केंब्रिजलाही त्यांनी भरपूर दिलंय, तिथलं केमिस्ट्रीचं १७०२ पासूनचं अध्यासन आता त्यांच्या नावाने आहे. ते चांगलंच, पण मला विचाराल तर वारजे जास्त मोठं.

आणि हो, माणूस देव नाही. भारतातच काही औषधांना जास्त किंमत लावली म्हणून सरकारने सिप्लाकडे वसुली काढली, ते प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात होतं. कंपनी नफ्यासाठीच चालते, घराणं अब्जाधीश आहे. एका हाताने आफ्रिकेला लागत किमतीत देताना दुसऱ्या हाताने घरच्या बाजारात कमाई चालूच होती, आणि त्या कमाईच्या जोरावरच ते ३५० डॉलर परवडले, हेही तितकंच खरं.

मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, आज परत असं करता येईल का? अवघड आहे. २००५ पासून आपल्याकडे औषधावरचं पेटंट परत आलं. नव्या औषधाची स्वस्त कॉपी काढायची तर पेटंट संपायची वाट बघा, नाहीतर सरकारने सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याला न विचारता दुसऱ्याला औषध बनवायची परवानगी, द्यायला हवा, आणि तो आपण एकदाच दिलाय, मार्च २०१२ मध्ये, कॅन्सरच्या सोराफेनिबसाठी, हैदराबादच्या नॅटकोला. महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८८० वर आला. मग मे महिन्यात सिप्लाने, पेटंटवाल्या कंपनीशी कोर्टात भांडत आधीपासूनच विकत असलेल्या आपल्या गोळीचा भाव अठ्ठावीस हजारांवरून ६,८४० केला, म्हणजे नॅटकोच्याही खाली. तेव्हा हमीद पंचाहत्तरी ओलांडून गेले होते.