लेबल कुणाकडे?

[दृश्य : मालिकेचा सेट, स्वयंपाकघर. ओट्यावर मसाल्याची बरणी. एक हात येतो, बरणी किंचित फिरवून जातो.]

बघितलंत? बरणी जागच्या जागीच आहे, फक्त लेबल आपल्याकडे झालं. आता सूनबाई आमटी करतील आणि मसाला घालण्याआधी ती बरणी क्षणभर हातात धरून ठेवतील. घरात असं कुणी करत नाही. इथे करायचे पैसे मिळालेले असतात.

[दृश्य : लंडन, बीबीसीची इमारत.]

बीबीसीचं याच्या अगदी उलट. ती चालते प्रेक्षकांनी भरलेल्या लायसन्स फीवर, त्यामुळे पैसे घेऊन वस्तू दाखवायला तिथे मनाई. १९५८ साली सुरू झालेल्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात रिकाम्या खोक्यांपासून खेळणी करायला शिकवत. त्यावर चिकटवायचं प्लास्टिक दुकानात 'फॅब्लॉन' नावाने मिळे, पण निवेदक म्हणायचे 'स्टिकी-बॅक्ड प्लास्टिक', म्हणजे पाठीला गोंद असलेलं प्लास्टिक! पोरांनी दुकानात जाऊन मागायचं तरी काय?

'ईस्टएंडर्स' या बीबीसीच्याच मालिकेतला पब घ्या. तिथली बिअर 'लक्सफर्ड अँड कॉप्ली'ची. अशी कंपनीच नाही. गंमत म्हणजे आयटीव्ही ही खासगी वाहिनी, तरी तिच्या 'कोरोनेशन स्ट्रीट'मधली बिअरही काल्पनिकच, कारण मनाई तिलाही होती.

खासगी वाहिन्यांवरची ती मनाई २८ फेब्रुवारी २०११ रोजी उठली. त्याच दिवशी आयटीव्हीच्या 'धिस मॉर्निंग'मधल्या स्वयंपाकघरात नेसकॅफेचं कॉफी मशीन येऊन बसलं. नोव्हेंबरात 'कोरोनेशन स्ट्रीट'च्या वाणसामानाच्या दुकानात 'नेशनवाइड'चं एटीएम आलं. पण अटी होत्या. सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक ब्रेकनंतर पडद्यावर 'पी' हे अक्षर किमान तीन सेकंद दाखवायचं, म्हणजे पैसे घेऊन वस्तू दाखवलीय हे बघणाऱ्याला कळावं. दारूला मात्र ही सवलत नाही. पबमधली बिअर काल्पनिकच राहिली.

[दृश्य : जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, वर अँटेना.]

आपलं दूरदर्शन सरकारी, पण १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती घेणारं. १९८४ ला 'हम लोग' आली ती मॅगीच्या पैशावर. 'ये जो है जिंदगी'ला पैसा परळच्या विकोचा. प्रायोजकाचं नाव मालिकेआधीच कानावर आदळायचं. लपवाछपवी नव्हती.

आज केबलच्या नियमांत लिहिलंय की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे, आणि तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त नको. नियम चांगलाय. पण घड्याळ लावून ब्रेक मोजता येतो. आमटीतला मसाला कसा मोजायचा?

[दृश्य : पुन्हा सेट. तोच हात ओट्यावर.]

सूनबाई तयार आहेत. बरणी समोर, लेबलवर वेगळा लाइट. शेजारी चहासोबतची बिस्किटं मात्र पुडा फोडून स्टीलच्या डब्यात काढून ठेवलीत. त्या कंपनीशी अजून काही ठरलेलं नाही.