हबवरचा गंज

[कुंभार्ली घाट. पावसाळ्याचे शेवटचे दिवस. काचेवर धुकं, वायपर चालू.]

हा घाट उतरतानाच मला पहिल्यांदा जाणवलं. ब्रेकवर पाय टेकवला की पेडल खालून तळव्याला ढकलायचं आणि स्टिअरिंग हातात थरथरायचं. पुढचे ब्रेक पॅड तर चारच महिन्यांपूर्वी एका गॅरेजात नवे घातले होते. पॅड चांगल्या प्रतीचे होते, कामही तासाभरात झालं होतं. तरी गाडी थरथरत होती, आणि मागच्या सीटवर आई बसली होती.

नंतर पाटणला गेलो, तेव्हा काकांनी गाडी एकदा रस्त्यावर फिरवून आणली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य गेलेला माणूस. खाली उतरून एवढंच म्हणाले, "डिस्क गेल्यात. नव्या घेऊन रविवारी ये. अंगणात बदलू."

[अंगण. फरशीवर गोणपाट, त्यावर पाने, सी-क्लॅम्प, वायर ब्रश.]

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती. ब्रेक दाबला की पॅड दोन्ही बाजूंनी तिला आवळतात. ब्रेकला काय सोसावं लागतं ते आधी बघू. एक टन वजनाची गाडी ताशी 80 किलोमीटर वेगात असेल, तर ती थांबवताना सुमारे अडीच लाख ज्यूल उष्णता तयार होते. पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल एवढी. आता तीच गाडी घाटातून 600 मीटर खाली उतरवा. ब्रेकवर, इंजिनवर आणि हवेवर मिळून जवळपास 59 लाख ज्यूल पडतात, म्हणजे 80 च्या वेगातून जवळजवळ चोवीस वेळा थांबल्यासारखं. म्हणून तर जुने ड्रायव्हर घाटात गियर खाली टाकतात. इंजिननं ओढून धरलं की तेवढा भार डिस्कवरून उतरतो.

उतार आणि ब्रेकचं हे नातं मोटारीइतकंच जुनं आहे. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीनं निघाल्या, शंभरेक किलोमीटरचा प्रवास. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. तेव्हा वाटेतल्या एका गावात जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज माझ्या हातात जो पॅड आहे, त्याची सुरुवात त्या चामड्यापासून झाली.

[हॅंडब्रेक ओढलेला. मागच्या चाकांना दगड.]

नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. मग जॅक, आणि जॅकच्या शेजारी लोखंडी स्टॅंड. नुसत्या जॅकच्या भरवशावर काकांनी आयुष्यात कधी गाडीखाली हात घातला नाही, आणि मलाही घालू दिला नाही. एका वेळी एकच बाजू उघडायची. काही विसरलं तर दुसरी बाजू बघायला शाबूत राहते.

चाक निघालं. पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. त्याचे दोन बोल्ट काढले आणि तो तारेनं स्प्रिंगला बांधला. तो रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. पाइप बाहेरून धड दिसतो आणि आतून फाटतो. पॅड हातानंच निघाले. मग कॅलिपर ज्यावर बसतो तो ब्रॅकेट सोडवला. तिथले बोल्ट घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना लागतो.

डिस्क मात्र हलेना. चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागाला, हबला, ती गंजानं धरून बसली होती. मी हातोडा उचलला तसा काकांनी मनगट धरलं. "त्याच्या मागं बेअरिंग आहे रे." डिस्कच्या तोंडावर आट्यांची दोन रिकामी भोकं होती. त्यांत आठ एमएमचे दोन बोल्ट घातले आणि आळीपाळीनं थोडे थोडे पिळले. टक्क असा आवाज झाला आणि डिस्क सुटून हातात आली.

[जवळून: हबचा गोल चेहरा. तपकिरी खपल्या.]

थरथरीचं मूळ इथं होतं. हबवर गंजाची एक खपली राहिली की डिस्क तेवढी तिरकी बसते. हबच्या कडेला असलेली चूक डिस्कच्या कडेपर्यंत जाताना जवळजवळ दुप्पट होते. कागदाच्या एका पानाएवढी, म्हणजे एक दशांश मिलिमीटर फरकही इथं पुष्कळ झाला. अशी डिस्क दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासत राहते. हजारो किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते आणि पेडल पायाला ढकलू लागतं. लोक म्हणतात डिस्क तापून वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, कमी-जास्त जाडीची झालेली असते. अशा डिस्कवर कितीही महागाचे पॅड घातले तरी थरथर तशीच राहणार.

आमच्या डिस्कवर किमान जाडी 15 मिलिमीटर कोरलेली होती. व्हर्नियरनं मोजली तर एके ठिकाणी 14.6 भरली. त्या गॅरेजात पॅड बदलताना हा आकडा कुणी वाचला असता तर एवढं झालं नसतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण मोजायला मिनिटभर लागतं.

मग अर्धा तास फक्त घासणं. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर. काका म्हणाले, "नख फिरव. अडलं तर अजून घास." चार वेळा नख अडलं. पाचव्या वेळी सरळ गेलं.

नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं येतं. ते ब्रेक क्लीनरनं धुतलं, डिस्क चढवली आणि ती हलू नये म्हणून चाकाचे दोन नट हातानं लावून ठेवले. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकचं ग्रीस लावलं. पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला ग्रीसचं बोटही लागू द्यायचं नाही.

कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन आत दाबण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघितली. पिस्टन मागं गेला की तेल वर चढतं, सांडलं तर गाडीचा रंग खातं. सिरिंजनं थोडं काढून घेतलं, आणि सी-क्लॅम्पनं पिस्टन हळूहळू आत सरकवला. कॅलिपर बसला. प्रत्येक बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं, आवळला. दुसरी बाजू निम्म्या वेळात झाली.

[ड्रायव्हरचा पाय, पेडल.]

चाकं चढली म्हणून लगेच गाडी काढायची नाही. पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं, कारण पिस्टन अजून पॅडपासून लांब असतो. इंजिन चालू न करता दाबत राहिलो. पाचव्या-सहाव्या वेळी पेडल टणक झालं. टाकीतली पातळी पुन्हा बघितली. हे विसरून अंगणातून गाडी बाहेर काढली, तर समोरच्या भिंतीला पहिला ब्रेक लागेल.

काका शेजारी नसते तर मी या कामाला हात लावला नसता. पहिल्या वेळी जाणता माणूस जवळ हवाच.

मग मोकळा सरळ रस्ता. साठवरून दहापर्यंत वेग आणायचा, मध्यम दाबानं, पूर्ण न थांबता. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवून गार होऊ द्यायचं. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडं सारखा बसतो तो इथं.

[कुंभार्ली घाट, उतार. दुसरा गियर.]

आठवड्यानं पुन्हा घाट उतरलो. पाय टेकवला. स्टिअरिंग हातात गप्प राहिलं.

पोफळीला गाडी बाजूला घेतली. काका उतरले आणि उजव्या चाकाजवळ, हात न टेकवता, तळवा धरून उभे राहिले. मग डावीकडं. एक बाजू जास्त तापली असेल तर तिथला कॅलिपर अडकतोय असं समजायचं. पुन्हा एकदा उजवीकडं गेले.

"सारखंच आहे," म्हणाले, आणि नट तपासायला डिकीतून पाना काढला.