नव्या कॅबिनेटमध्ये जुना रायटर

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या घरी नवा कॉम्प्युटर आला. आला म्हणजे सुटा सुटा, पिशव्यांतून आला. मी आणि माझा भाचा ग्रँट रोडला उतरलो आणि चालत लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य पाटी, घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो.

माझी अट एकच होती. जुन्या कॉम्प्युटरमधला डीव्हीडी रायटर, म्हणजे सीडी-डीव्हीडी वाचणारं आणि लिहिणारं यंत्र, नव्यात बसला पाहिजे. भाचा म्हणाला, "मावशी, पेन ड्राइव्हसुद्धा आता कोणी वापरत नाही, आणि तू रायटर घेऊन बसलीयस." मी म्हटलं, बाबा रे, आपल्या माळ्यावर सीडी-डीव्हीडीचे तीन डबे आहेत, ते सगळं नव्या कॉम्प्युटरवर उतरवायचंय. त्यात तुझ्या बारशाची डीव्हीडी आहे. त्यानंतर तो गप्प बसला.

पहिली अडचण दुकानातच आली. रायटरला सव्वापाच इंची खण लागतो आणि हल्लीच्या कॅबिनेटांना, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेट्यांना, तो बहुतेक नसतोच. पुढे काच, आत पंखे, पंख्यांत रंगीबेरंगी दिवे, नुसती गणपतीची आरास. दुकानदाराने आधी समजावून पाहिलं, मग पोऱ्याला शिडीवर चढवून एक साधं काळं कॅबिनेट खाली काढलं. दोन खण, दिवे नाहीत आणि किंमतही कमी. मला तर तेच जास्त आवडलं. तुम्ही कॅबिनेट आधीच घेऊन बसला असाल आणि त्याला खण नसेल, तर ते बदलू नका. रायटर बाहेर ठेवून यूएसबीला जोडता येतो. लॅपटॉपमधला पातळ रायटर असेल तर त्याची पट्टीसारखी चपटी खोकी मिळतात. फक्त घेण्याआधी रायटरची जाडी मोजा. साडेनऊ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर असे दोन प्रकार असतात, आणि जाड रायटर पातळ खोक्यात जात नाही.

आता जोडणीचं. रायटर उलटा करून त्याची पाठ बघा. दोन चपट्या, इंग्रजी एल अक्षरासारख्या खाचा दिसल्या तर तो साटा, म्हणजे हल्लीच्या जोडणीचा. लहान खाचेत डेटाची केबल आणि मोठीत एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, आलेली वीज, एवढंच काम. पण ४० टाचण्यांची लांबलचक खाच आणि शेजारी चार जाड टाचण्या दिसल्या, तर तो आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीचा. त्याची रुंद रिबनसारखी केबल लावायची जागा नव्या मदरबोर्डवर नसते. त्यासाठी आयडीईचं साटा किंवा यूएसबी करणारा अडॅप्टर मिळतो. तो लावताना रायटरच्या पाठीमागचा जम्पर, म्हणजे टाचण्यांवर बसणारं चिमुकलं टोपण, बहुधा 'मास्टर' लिहिलेल्या जागी ठेवावा लागतो. आमच्याकडे २००४ सालचा तसला एक होता. दीड तास खटपट केली आणि सोडून दिला. नवीन साटा रायटर अजून मिळतो आणि फार महागही नसतो, तेव्हा आयडीईच्या मागे लागण्यात मला तरी अर्थ दिसला नाही.

आमचा दुसरा रायटर साटाचा होता, म्हणजे सरळ चालायला हवा होता. नाही चालला. ट्रे बाहेर यायचा, दिवा लुकलुकायचा, आणि कॉम्प्युटरला मात्र तो दिसतच नव्हता. केबल बदलली, दुसरी लावली. भाचा म्हणाला, मेला तुझा रायटर. ट्रे हलतोय म्हणजे वीज पोचतेय, इतकं मलाही कळत होतं. शेवटी चष्मा लावला आणि मदरबोर्डचं पुस्तक काढलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की दुसऱ्या एम-टू नावाच्या खाचेत एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची चपटी पट्टी, लावली की साटाची पाच आणि सहा नंबरची पोर्टं बंद होतात. बऱ्याच मदरबोर्डांवर असं असतं, कारण दोघांची आतली वाट एकच असते. आम्ही रायटर नेमका पाचव्यात खोचला होता. पहिल्यात लावला आणि लगेच दिसला. ते पुस्तक खोक्याबरोबर रद्दीत गेलं असतं, तर रायटरही गेला असता.

दुसरं दुखणं म्हातारपणाचं होतं. ट्रे कुरकुरायचा आणि बाहेर येता येता आत परतायचा. आत एक रबरी पट्टा असतो, तो वर्षानुवर्षं एकाच जागी ताणून सैल पडतो. काढून गरम पाण्यात बुडवला तर काही दिवस चालतो, पण खरा उपाय नवा पट्टा. ट्रे अडकलाच, तर पुढे सुईएवढं एक भोक असतं. कॉम्प्युटर बंद करायचा, जेम क्लिप सरळ करून त्या भोकात हळूच दाबायची, की ट्रे थोडा पुढे येतो. मग हाताने ओढायचा. रायटरच्या आतल्या भिंगावर धूळ असेल तर कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अलगद पुसायचं. अत्तर नको आणि फुंकरही नको, फुंकरीबरोबर थुंकी जाते. आणखी एक गंमत. रायटरच्या आत सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन लेसर असतात. म्हणून कधी कधी एकच रायटर डीव्हीडी वाचतो पण सीडी नाकारतो. अशा वेळी सीडीला दोष देऊन ती टाकून देऊ नका, दुसऱ्या रायटरमध्ये घालून पाहा.

डिस्कचे हाल मात्र मुंबईच्या हवेने केलेत. चार पावसाळे डबा उघडला नाही, तर आत बुरशीचे पांढरे ठिपके हमखास. पुसायचं ते मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. रेकॉर्डसारखं गोल गोल पुसू नका. माहिती गोल फिरत जाणाऱ्या रेघेवर असते. आडवा ओरखडा गेला तर तिथली चूक रायटर आपल्याआपण भरून काढतो, पण रेघेच्याच दिशेने गेला तर सलग मजकूर जातो. आणि सीडीची नाजूक बाजू आपल्याला वाटते ती नव्हे. जिथे आपण बॉलपेनने "ताईचं लग्न, भाग २" असं दाबून लिहिलं, त्या बाजूच्या पातळ लाखेखालीच सगळी माहिती असते. डीव्हीडीत ती दोन थरांच्या मधे, जरा सुरक्षित.

डब्यांत मराठी नाटकांच्या व्हीसीडीही, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडी, निघाल्या, अर्धं नाटक एकीवर आणि अर्धं दुसरीवर. त्यात डॅट नावाच्या फायली असतात, व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ चालवणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये सरळ चालतात. विंडोजने डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोज ८ पासून काढून घेतली, तेव्हा व्हीएलसी घालूनच ठेवा. लग्नाच्या डीव्हीडीतून एकेक फाइल निवडत बसू नका. व्हिडिओ टीएस नावाचा आख्खा फोल्डर उचलून कॉम्प्युटरवर घ्या, कारण एकच विधी तीन-चार तुकड्यांत कापलेला असतो, आणि मंगलाष्टकं एका तुकड्यात आणि अक्षता दुसऱ्यात निघतात. रायटरला बळेच धावडवू नका. ५२ पट वेगाला सीडी मिनिटाला सुमारे १० हजार फेरे घेते, आणि कमजोर डिस्क त्या वेगात वाचली जात नाही. वेग कमी करणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात. वेळ लागू दे, आपण भाजी निवडावी.

आमच्या १०४ डिस्क घालून झाल्या, उतरवलेलं सगळं मिळून २०० जीबीच्या आत. ९ वाचल्याच नाहीत. त्यातली एक भाच्याच्या बारशाची. ती मी जुन्या कॉम्प्युटरवर याच रायटरने लिहिली होती, म्हणून आशा होती. पाच वेळा घातली. सहाव्यांदा त्याने स्वतः आणून घातली, काही बोलला नाही.

आता ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरलीय. काल चौथ्या मजल्यावरचे काका बिस्किटांचा डबा घेऊन आले, आत चाळीसेक डिस्क, वर रबरबँड. म्हणाले, "घाई नाही, दिवाळीपर्यंत दिल्या तरी चालतील." पहिलीच डिस्क घातली आणि ट्रे अडकला. जेम क्लिप आता टेबलावरच असते.

नमस्कार.